विल्यम कॅम्डेन : रंगाऱ्याचा मुलगा आणि कुलचिन्हांचा राजा

आपल्या शाळेच्या टोपीवर जी लहानशी ढाल काढलेली आहे ती विद्यार्थ्यांच्या नजरेस रोज पडते. परंतु हीं चिन्हें ढालीच्याच आकारांत कां काढतात, हा प्रश्न फार थोड्यांनीं विचारला असेल. युरोपांत मध्ययुगीं सरदार लोक युद्धास निघत तेव्हां त्यांचें सर्व अंग, तोंडसुद्धां, पोलादी चिलखतांत झांकलेलें असे. आपला कोण आणि परका कोण हें ओळखावें कसें? म्हणून कोणी ढालीवर सिंह रंगवून घेई, कोणी गरुड, कोणी नुसता तिरपा पट्टा. बापाचें चिन्ह मुलगा चालवूं लागला, आणि जें ओळखीसाठीं होतें तें कुळाच्या अभिमानाचें झालें. मग एकाचें चिन्ह दुसऱ्यानें घेतलें म्हणून तंटे लागले. आणि तंटे लागले म्हणजे निवाडा करणारा अधिकारी हवाच.

इंग्लंडांत अशा अधिकाऱ्यांस हेरल्ड म्हणतात. आपल्याकडील भालदार, भाट आणि दफ्तरदार या तिघांचीं कामें एकत्र केलीं तर हेरल्डाच्या कामाची कांहींशी कल्पना येईल. राजाज्ञेची द्वाही फिरविणें, राज्याभिषेक व राजघराण्यांतील अंत्ययात्रा यांत कोणी कोठें चालावयाचें हें ठरविणें, आणि थोर कुळांच्या वंशावळी व चिन्हें दफ्तरीं नोंदविणें, हीं त्यांचीं कामें. त्यांतील सर्वांत वरच्या तिघांस ‘किंग ऑफ आर्म्स’, म्हणजे कुलचिन्हांचे राजे, अशी पदवी आहे. त्यांस राज्य नाहीं आणि सैन्यही नाहीं. मात्र राज्याभिषेकाच्या वेळीं ते खरोखरीचा मुकुट घालतात. गार्टर हें पद पांचव्या हेन्री राजानें सन १४१५ मध्यें निर्माण केलें. ट्रेंट नदीच्या उत्तरेकडील मुलुख नॉरॉय या अधिकाऱ्याकडे, आणि दक्षिणेकडील सगळा मुलुख क्लॅरेन्सू या अधिकाऱ्याकडे. क्लॅरेन्स ही राजपुत्रांस मिळणारी एक पदवी होती, तिजवरून हें नांव पडलें. याच क्लॅरेन्सूच्या आसनावर सव्वीस वर्षें बसलेल्या एका पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांचें नांव विल्यम कॅम्डेन. ते त्या आसनावर बसण्यापूर्वीं बावीस वर्षें शाळामास्तर होते, हें आम्हीं त्यांची निवड करण्याचें एक कारण आहे. आमच्या धंद्याचा हा पक्षपात वाचक क्षमा करतील.

प्रथम या पदाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे. तिसऱ्या रिचर्ड राजानें सन १४८४ मध्यें हेरल्डांस सनद देऊन लंडनांत एक वाडा दिला. पुढल्याच वर्षीं राजा रणांत पडला आणि वाडाही गेला. सत्तर वर्षें हे कुलचिन्हांचे राजे बिनघराचे होते. सन १५५५ मध्यें मेरी राणी व तिचा पति फिलिप यांनीं नवी सनद आणि डर्बी यांचा जुना वाडा दिला. तो सन १६६६ च्या मोठ्या आगींत जळाला. पण त्याच जागेवर बांधलेली इमारत आजही उभी आहे आणि आजही तेथें तेरा अधिकारी काम पाहतात.

सन १५३० मध्यें आठव्या हेन्रीनें क्लॅरेन्सू टॉमस बेनोल्ट यास हुकूम दिला कीं, जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरावें, जो कोणी स्वतःस कुलीन म्हणवितो त्याचे दाखले पाहावे, आणि खोटें चिन्ह लावणाऱ्याचें चिन्ह पुसून टाकावें. आपल्याकडे वतनाचा तंटा लागला म्हणजे गोतसभा बसे, साक्षी होत व महजर लिहिला जाई. त्याच जातीची ही फेरी होती. ज्यास दाखला देतां आला नाहीं त्याचें नांव, हा कुलीन नव्हे, असें चारचौघांत जाहीर होई. अशा फेऱ्या दीडशें वर्षांहून अधिक काळ चालू राहिल्या. यांत अधिकाऱ्याच्या हातीं किती सत्ता येते हें वाचकांनीं ताडलेंच असेल. शिवाय नवें चिन्ह मिळवावयाचें तर फी पडे, ती अधिकाऱ्याकडे जाई. एलिझाबेथ राणीच्या काळीं व्यापार वाढला, नवे श्रीमंत निपजले, आणि प्रत्येकास आपल्या दारावर ढाल हवीशी वाटूं लागली. रॉबर्ट कूक नांवाचा क्लॅरेन्सू सन १५६७ पासून सन १५९३ पर्यंत त्या पदावर होता. त्यानें चिन्हें इतक्या सढळ हातानें वांटलीं कीं त्याबद्दल त्याच्याच सोबत्यांनीं बोटें मोडलीं. कॅम्डेन यांच्या वांट्यास जें आसन आलें तें असें होतें.

विल्यम कॅम्डेन यांचा जन्म २ मे १५५१ रोजीं लंडनांतील ओल्ड बेली या वस्तींत झाला. वडिलांचें नांव सॅम्प्सन. ते लिचफील्ड गांवाहून लंडनास आलेले होते व धंद्यानें रंगारी होते. रंगारी म्हणजे भिंती रंगविणारा एवढेंच समजूं नये. लंडनांत रंगाऱ्यांचा एक जुना संघ होता, आणि निशाणें, ढाली, अंत्ययात्रेंतील कुलचिन्हांचे फलक हीं रंगविण्याचें काम त्या संघांतील कारागिरांकडे असे. दुसऱ्यांच्या सिंहांस सोनेरी रंग देऊन त्यावर हे लोक आपला चरितार्थ चालवीत. त्यांच्या स्वतःच्या दारावर मात्र सिंह नसे. हेरल्डांचें आणि या रंगाऱ्यांचें कधींच पटलें नाहीं. परवानगीवांचून हे लोक वाटेल त्याचें चिन्ह रंगवून देतात, अशी हेरल्डांची तक्रार असे.

आई एलिझाबेथ ही मात्र निराळ्या घरची. कंबरलंडांतील वर्किंग्टन येथील कर्वेन हें तिचें माहेर. तें घराणें फार जुनें व मानाचें होतें. म्हणजे मुलाच्या अंगीं एका बाजूनें जुन्या जमीनदारांचें रक्त आणि दुसऱ्या बाजूनें कुंचल्यावर पोट भरणाऱ्याचें रक्त. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

लहानग्या विल्यमचें शिक्षण प्रथम क्राइस्ट्स हॉस्पिटल या गरीब मुलांसाठीं काढलेल्या शाळेंत व नंतर सेंट पॉलच्या शाळेंत झालें. बाराव्या वर्षीं त्यास प्लेगानें गांठलें. त्यांतून तो वांचला. पंधराव्या वर्षीं ऑक्सफर्डास गेला, पण हातांत पैसा नव्हता. मॉडलिन, ब्रॉडगेट्स हॉल, क्राइस्ट चर्च, अशीं तीन ठिकाणें त्यास बदलावीं लागलीं. टॉमस थॉर्न्टन नांवाच्या एका दयाळू अध्यापकानें त्यास आपल्याजवळ ठेवून घेतलें. तेथेंच फिलिप सिडनी या सरदारपुत्राची ओळख झाली, आणि इतिहास व जुनें संशोधन यांचा नाद सोडूं नकोस असें उत्तेजन त्याच्याकडून मिळालें. एका कॉलेजांत फेलोची जागा मिळण्याचा संभव होता. तीही त्या काळच्या धर्ममतांच्या वादांत गेली. सन १५७१ मध्यें पदवी न घेतांच कॅम्डेन यांनीं ऑक्सफर्ड सोडलें. पदवीचा कागद नाहीं, नोकरी नाहीं, वय वीस. ज्या विद्यार्थ्यांस एका परीक्षेंत अपयश आलें म्हणजे सर्व संपलें असें वाटतें, त्यांच्यासाठीं आम्ही हीं वर्षें मुद्दाम सांगत आहों.

पुढचीं चार वर्षें त्यांनीं बरींचशीं पायांखालीं घालविलीं. गांवोगांव हिंडावें, पडके किल्ले व रोमन लोकांच्या सडकांचे अवशेष पाहावे, थडग्यांवरील लेख उतरून घ्यावे. वेस्टमिन्स्टरचे डीन गेब्रिएल गुडमन यांनीं या काळांत त्यांस पुस्तकें व पैसा पुरविला आणि सन १५७५ मध्यें वेस्टमिन्स्टरच्या शाळेंत दुय्यम शिक्षकाची जागा दिली. तेथें अठरा वर्षें दुय्यम व नंतर, सन १५९३ पासून, चार वर्षें हेडमास्तर, अशीं बावीस वर्षें कॅम्डेन यांनीं मुलांस लॅटिन व ग्रीक शिकविलें. त्यांनीं तयार केलेलें ग्रीक व्याकरण पुढें कित्येक पिढ्या इंग्लंडांतील शाळांतून चालू होतें. त्यांच्या विद्यार्थ्यांत बेन जॉन्सन हा मोठा नाटककार निघाला. जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी होता व घरीं शिक्षणास अनुकूलता नव्हती. आपल्यास जें कांहीं येतें तें सर्व या गुरूंनीं दिलें, असें त्यानें पुढें कवितेंतून मान्य केलें, आणि आपलें एक गाजलेलें नाटक त्यांसच अर्पण केलें.

परंतु शाळा सुटल्यावर कॅम्डेन काय करीत? सन १५७७ मध्यें अब्राहम ऑर्टेलियस हे अँटवर्पचे प्रसिद्ध नकाशाकार इंग्लंडास आले होते. त्यांची व या तरुण मास्तरांची गांठ पडली. रोमन काळच्या ब्रिटनचा भूगोल व इतिहास कोणीं तरी लिहावा, असा ऑर्टेलियस यांनीं आग्रह धरला. तो कॅम्डेन यांच्या मनांत बसला. सुट्या आल्या कीं ते निघत. सन १५७८ मध्यें नॉरफोक व सफोक, सन १५८२ मध्यें यॉर्कशायर, पुढें डेव्हन, पुढें वेल्स. केवळ लॅटिन जाणून भागणार नाहीं, गांवांचीं व नद्यांचीं नांवें उलगडावयाचीं तर जुन्या लोकांची भाषा आली पाहिजे, म्हणून वेल्श बोलणारा एक नोकर त्यांनीं घरीं ठेवला आणि त्याच्यापासून ती भाषा शिकले. मास्तर नोकराचा विद्यार्थी झाला! सॅक्सन लोकांची जुनी इंग्रजीही त्यांनीं मेहनतीनें आत्मसात केली. शेतांत नांगराला लागलेलें नाणें, देवळाच्या भिंतींत उलटा बसविलेला लेखाचा दगड, जमीनदाराच्या पेटींतील सनद, हें सर्व त्यांच्या मतें इतिहासाचें साधन होतें. आज ही गोष्ट शाळेंतल्या मुलासही ठाऊक असते. त्या काळीं पंडित लोक जुन्या दंतकथा एकमेकांच्या ग्रंथांतून उतरून घेण्यांतच संतुष्ट असत.

‘ब्रिटानिया’ हा त्यांचा ग्रंथ सन १५८६ मध्यें लॅटिन भाषेंत निघाला व राणीचे मुख्य मंत्री लॉर्ड बर्ली यांस अर्पण करण्यांत आला. जिल्ह्यामागून जिल्हा घेऊन त्यांत भूमि, नद्या, गांवें, जुने अवशेष आणि तेथील नामांकित घराणीं यांचें वर्णन केलेलें आहे. पुस्तक खपत गेलें तसें तें वाढतही गेलें. कॅम्डेन यांच्या हयातींत लॅटिनच्या सहा आवृत्त्या निघाल्या. सन १६०७ ची शेवटची आवृत्ति मोठ्या आकाराची व जिल्ह्यांच्या नकाशांनीं सजविलेली होती. आणि सन १६१० मध्यें फिलेमन हॉलंड यानें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. एका शाळामास्तरानें सुट्यांत लिहिलेल्या पुस्तकानें सगळ्या युरोपच्या विद्वानांत त्याचें नांव केलें.

सन १५९७ मध्यें क्लॅरेन्सू रिचर्ड ली वारले. ही जागा मिळावी म्हणून दरबारांत खटपटी चालल्या असतां सर फुल्क ग्रेव्हिल यांनीं राणीकडे कॅम्डेन यांचें नांव सुचविलें. कॅम्डेन यांनीं स्वतः अर्ज केला नव्हता. उलट, आपल्यामार्फत न येतां हें कसें झालें म्हणून लॉर्ड बर्ली किंचित् रुष्ट झाले, तेव्हां ही कल्पना सर्वस्वी ग्रेव्हिल यांचीच होती असें कॅम्डेन यांस सांगावें लागलें. एवढ्या उच्च पदावर एकदम बाहेरचा मनुष्य बसविणें रीतीस सोडून दिसलें असतें, म्हणून त्यांस एक दिवसापुरता रिचमंड हेरल्ड केलें, आणि दुसऱ्या दिवशीं, २३ ऑक्टोबर १५९७ रोजीं, क्लॅरेन्सू. एका रात्रींत इतक्या पायऱ्या! शाळा सुटली; ट्रेंटच्या दक्षिणेकडील अर्ध्या इंग्लंडाच्या कुलीनतेचा न्याय आतां रंगाऱ्याच्या मुलाकडे आला.

ही नेमणूक एका मनुष्याच्या काळजांत शल्यासारखी रुतली. राल्फ ब्रुक हा त्या वेळीं यॉर्क हेरल्ड होता. तो सन १५८० पासून या खात्यांत चाकरी करीत होता, वंशावळींचा त्याचा अभ्यास खोल होता, आणि त्याची जीभ त्याहून तीक्ष्ण होती. सन १५९९ च्या सुमारास त्यानें एक पुस्तक छापून ‘ब्रिटानिया’मधील वंशावळींच्या चुका जगापुढें मांडल्या. अमुक सरदाराचा मुलगा तमुक नव्हे, अमका निपुत्रिक मेला, हें लग्न झालेंच नाहीं. पानामागून पान असेंच. आणि जागोजाग टोमणा हाच कीं, मुलांस व्याकरण घोकविणाऱ्या पंतोजीनें हेरल्डांच्या दफ्तरांत नाक खुपसूं नये. गंमतीची गोष्ट ही कीं, हा ब्रुक स्वतः रंगाऱ्यांच्याच संघाचा सभासद होता, आणि त्याचें मूळचें आडनांव ब्रोक्समथ असें होतें. उंच चढलेला मनुष्य आपल्याच शिडीची लाज बाळगूं लागतो तें असें.

या वादांत कॅम्डेन यांचें वर्तन सर्वस्वी निर्दोष होतें असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. परंतु तसें म्हणणें खरें होणार नाहीं. ब्रुकनें काढलेल्या कांहीं चुका खऱ्या होत्या. सन १६०० च्या आवृत्तींत कॅम्डेन यांनीं त्या मुकाट्यानें दुरुस्त केल्या, ब्रुकचे आभार मानले नाहींत, आणि शेवटीं लॅटिनमध्यें एक उत्तर जोडून त्याची चांगलीच संभावना केली. चूक दाखविणारा मनुष्य दुष्ट असला तरी दाखविलेली चूक ही चूकच असते, व तिचें ऋण कबूल करावयास पाहिजे होतें. आमच्या मतें कॅम्डेन यांच्या चरित्रांतील हा एक डाग आहे. मात्र त्यांच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं, ज्यास आपल्या पुस्तकाची शुद्धि हट्टापेक्षां प्रिय आहे तोच दुरुस्ती करतो. ब्रुकनें पुढें सन १६१९ मध्यें स्वतः सरदारांची यादी छापली, तेव्हां त्यांत ऑगस्टीन व्हिन्सेंट या कॅम्डेन यांच्या तरुण सहकाऱ्यानें सन १६२२ मध्यें इतक्या चुका काढल्या कीं एक जाड ग्रंथच झाला.

सन १६०२ मध्यें ब्रुकनें दुसरा घाव घातला. हलक्या माणसांस कुलचिन्हें देण्यांत आलीं, अशी तक्रार त्यानें केली व तेवीस जणांचीं नांवें पुढें मांडलीं. त्यांत एक नांव असें होतें कीं आज त्याच्यामुळेंच ती यादी जगास ठाऊक आहे. तें नांव शेक्सपीअर यांचें. स्ट्रॅटफर्डचे जॉन शेक्सपीअर यांस सन १५९६ मध्यें गार्टर विल्यम डेथिक यांनीं चिन्ह दिलें होतें : सोनेरी ढालीवर काळा तिरपा पट्टा व त्यावर एक भाला, वर बहिरी ससाणा. सन १५९९ मध्यें आईच्या आर्डेन घराण्याचें चिन्ह जोडण्याविषयींच्या कागदावर डेथिक यांच्याबरोबर कॅम्डेन यांचेंही नांव आहे. ब्रुकचा आक्षेप दुहेरी. हें चिन्ह एका जुन्या सरदाराच्या चिन्हाशीं मिळतें, आणि घेणारा तर नाटकांत सोंगें आणणारा! डेथिक व कॅम्डेन यांनीं उत्तर दिलें कीं, पट्ट्यावरील भाल्यानें चिन्ह पुरेसें वेगळें होतें. ज्यास तें दिलें तो आपल्या गांवचा न्यायाधीश होता, त्याची पत्नी चांगल्या कुळांतील होती, व त्याची सांपत्तिक स्थितीही बरी होती. चिन्ह कायम राहिलें. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सन १६०५ मध्यें कॅम्डेन यांनीं ब्रिटनविषयींच्या फुटकळ टिपणांचें एक इंग्रजी पुस्तक काढलें. त्यांत पुढच्या पिढ्या ज्यांचें कौतुक करतील अशा आपल्या काळच्या कवींचीं नांवें त्यांनीं दिलीं आहेत, आणि त्यांत शेक्सपीअर यांचें नांव आहे. ब्रुकच्या यादींत जो नुसता नट होता तो कॅम्डेन यांच्या यादींत कवि आहे.

ब्रुकची शेवटची करामत तर हंसावें कीं रडावें अशी आहे. सन १६१६ मध्यें, नवे गार्टर विल्यम सेगर यांस फशीं पाडण्यासाठीं, त्यानें एका मध्यस्थाच्या हातीं एक चिन्ह मान्यतेसाठीं पाठविलें. ग्रेगरी ब्रँडन नांवाच्या एका लंडनच्या गृहस्थाचें हें चिन्ह, असें सांगण्यांत आलें. बावीस शिलिंग फी घेऊन सेगर यांनीं सही केली. चिन्ह होतें आरागॉनच्या राजाचें, आणि ब्रँडन होता लंडनचा फांशी देणारा मांग! राजा जेम्सचा संताप झाला. ज्यानें सही केली तो सेगर आणि ज्यानें जाळें पसरलें तो ब्रुक, दोघेही तुरुंगांत गेले. कॅम्डेन यांचा या प्रकरणाशीं संबंध नव्हता. परंतु कुलीनतेचे न्यायाधीश आपसांत कसे वागत हें त्यावरून दिसून येतें.

कॅम्डेन यांचें मन दरबारी भानगडींत रमलें नाहीं. सन १६०० च्या सुमारास ते आपला जुना शिष्य व मित्र रॉबर्ट कॉटन यास घेऊन उत्तरेस गेले व हेड्रियन बादशहाची प्राचीन भिंत त्यांनीं पाहिली. तिच्या मधल्या भागांत लुटारूंचा इतका सुळसुळाट होता कीं तेवढा तुकडा सोडून द्यावा लागला, हेंही त्यांनीं लिहून ठेवलें आहे. सन १६०३ मध्यें एलिझाबेथ राणीच्या अंत्ययात्रेंत ते क्लॅरेन्सू म्हणून चालले. जिल्ह्यांच्या फेऱ्या त्यांनीं बहुधा आपल्या मुतालिकांकडून करविल्या आणि स्वतः राणीच्या कारकीर्दीचा इतिहास हातीं घेतला. लॉर्ड बर्ली यांनीं त्यासाठीं सरकारी कागद पूर्वींच दिले होते. बर्ली सन १५९८ मध्यें वारल्यावर काम मागें पडलें होतें, तें सन १६०८ मध्यें पुन्हां सुरू झालें. सन १५८८ पर्यंतचा भाग सन १६१५ मध्यें निघाला. जेम्स राजाच्या आईचा शिरच्छेद ज्या राणीच्या राज्यांत झाला तिचा इतिहास त्याच राजाच्या नजरेखालीं लिहावयाचा, हें तारेवरून चालण्यासारखें होतें. उरलेला भाग सन १६१७ पर्यंत लिहून झाला, पण आपल्या हयातींत छापावयाचा नाहीं असें ठरवून त्यांनीं त्याची प्रत परदेशीं पाठवून दिली. तो भाग सन १६२५ मध्यें लायडन येथें छापला गेला.

सन १६०९ पासून ते केंट परगण्यांतील चिझलहर्स्ट येथें राहत. त्यांनीं लग्न केलें नव्हतें. सांठविलेल्या पैशाचें काय करावयाचें हें त्यांनीं आधींच ठरविलें होतें. ज्या ऑक्सफर्डनें त्यांस पदवी न देतां परत पाठविलें होतें त्याच ऑक्सफर्डास सन १६२२ मध्यें त्यांनीं बेक्स्ली येथील आपली जमीनजायदाद लावून दिली, आणि तिच्या उत्पन्नांतून प्राचीन इतिहासाच्या अध्यापकाची जागा निर्माण केली. दानपत्र त्यांचे मित्र विल्यम हेदर ऑक्सफर्डास घेऊन गेले. हे गवई होते, व त्यांनीं मित्राचा कित्ता गिरवून पुढें संगीताच्या अध्यापनासाठीं तशीच देणगी दिली. दोन्ही जागा आजही आहेत.

९ नोव्हेंबर १६२३ रोजीं चिझलहर्स्ट येथें कॅम्डेन यांचा अंत झाला. १९ नोव्हेंबरास वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें, ज्या शाळेंत बावीस वर्षें घालविलीं तिच्यापासून हांकेच्या अंतरावर, त्यांस पुरण्यांत आलें. तेथील त्यांच्या अर्धपुतळ्याचा हात ‘ब्रिटानिया’वर ठेवलेला आहे. पुढें राजा व पार्लमेंट यांच्या यादवीच्या दिवसांत, सन १६४६ मध्यें, रात्रीं ॲबेंत शिरलेल्या कोणा माथेफिरूनें त्या पुतळ्याचें नाक फोडलें. तें मागाहून नीट करण्यांत आलें. चिझलहर्स्टच्या घराच्या जागेस कॅम्डेन प्लेस हें नांव पडलें. त्या जागेच्या पुढल्या एका मालकास सरदारकी मिळाली तेव्हां त्यानें तें नांव पदवीस घेतलें, आणि त्याच्या जमिनीवर वसलेली लंडनची वस्ती कॅम्डेन टाउन झाली. तेथून रोज जाणाऱ्या हजारों लोकांपैकीं कितीकांस हा मास्तर आठवत असेल!

त्यांच्या मृत्युपत्राविषयीं सांगावयाचें राहिलें. फुल्क ग्रेव्हिल यांनीं एक पैसाही न घेतां आपल्यास हें पद मिळवून दिलें, असें नमूद करून कॅम्डेन यांनीं त्यांस चांदीचें एक पात्र ठेवलें. नंतरचें कलम रंगाऱ्यांच्या संघाविषयीं आहे. जन्मभर ज्यानें दुसऱ्यांच्या वंशावळी तपासल्या त्यास स्वतःची कोणती बाजू पुढें करावी हें कळत नव्हतें असें नाहीं. आईचें कर्वेन घराणें राजमान्य होतें. ‘ब्रिटानिया’ लिहितांना त्या घराण्याशीं आपला संबंध असल्याचें त्यांनीं सूचितही केलें होतें. ब्रुकसारख्यांचे टोमणे त्यांनीं वीस वर्षें ऐकले होते. तरी मृत्युपत्रांत त्यांनीं रंगाऱ्यांच्या संघास सोळा पौंड ठेवले, त्यांतून एक पेला घडवावा असें सांगितलें, आणि त्यावर कोणता मजकूर कोरावयाचा हेंही लॅटिनमध्यें लिहून दिलें. तो पेला त्या संघाकडे जपून ठेवलेला आहे. त्यावर देणाऱ्याचें नांव आहे, क्लॅरेन्सू हें त्याचें पद आहे, आणि लंडनचे रंगारी सॅम्प्सन यांचा हा मुलगा, असें कोरलेलें आहे.